घरातला यंत्रमानव आणि आपला पांढरपेशेपणा

चित्रपटात पाहिलेला यंत्रमानव आपल्या घरी, पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत, स्वतःच्या हातांनी घडवणे हा आपल्या समाजात पोरखेळ समजला जातो. शिकल्यासवरल्या माणसाने संध्याकाळी ग्रंथालयात जावे, नाट्यसंगीत ऐकावे, फार तर गच्चीवर गुलाब लावावेत. करवत आणि कानस घेऊन पत्र्याशी झटापट करणे त्याला शोभत नाही, अशी ही समजूत आहे. ती कोणी लिहून मांडत नाही, आणि म्हणूनच तिचा कोणी प्रतिवादही करीत नाही. तो करावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त अगदी साधे आहे. आपल्यासारख्याच एका जुन्या मराठी संस्थेत अलीकडे असा प्रस्ताव आला की, वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली अडगळीची खोली अशा कामाची आवड असलेल्या चार तरुण मुलामुलींना द्यावी. कार्यकारिणीने तो फेटाळला. कारणे तीन देण्यात आली: एक, ही नक्कल आहे, दोन, तीही परक्यांची, तीन, साहित्यसंस्थेचा तिच्याशी काय संबंध? ही तिन्ही कारणे आपल्यापैकी अनेकांना पटण्याजोगी वाटतील. मला त्यांतले एकही पटत नाही.

हा छंद म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. कारण दुकानात मिळणारे खेळणे आणि घडवलेली प्रतिकृती यांतला फरक टीकाकारांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटात आर-टू-डी-टू नावाचा एक ठेंगणा यंत्रमानव आहे. घुमटासारखे डोके, नळकांड्यासारखे धड आणि निळा-पांढरा रंग असे त्याचे रूप. १९९९ साली एका ऑस्ट्रेलियन हौशी माणसाने त्याच्या प्रतिकृती करणाऱ्यांचा संघ सुरू केला, आणि आज अनेक देशांत त्याचे सभासद आहेत. हे लोक चित्रपट चौकटी-चौकटीला थांबवून पाहतात, छायाचित्रांवरून मापे काढतात, आराखडे आखतात आणि एकमेकांच्या आराखड्यांतल्या चुका दाखवतात. मग कोणी प्लायवुडचा सांगाडा कापतो, कोणी स्टायरीन प्लॅस्टिकचे पातळ तक्ते थरावर थर चिकटवून धड उभे करतो, कोणी अ‍ॅल्युमिनियम लेथवर चढवतो. घुमट फिरवायला मोटारगाडीच्या वायपरची मोटार, पायांत चाके, पोटात बारा व्होल्टची बॅटरी आणि घडवणाऱ्याच्या हातात रेडिओ नियंत्रक. एकेका यंत्रमानवात महिने जातात, कित्येकदा वर्षे जातात.

आता पहिला आक्षेप. ‘नक्कल’ या शब्दाचा अर्थ सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला निराळा सांगावा लागत नाही. पक्षकाराने अर्ज करावा, फी भरावी, आणि नकलनवीसाने मूळ दस्त अक्षर न् अक्षर उतरवून द्यावा. दस्ताचा अर्थ समजण्याची त्याला गरज नसे. किंबहुना तो अर्थाच्या भानगडीत पडला तर चुका होण्याचाच संभव अधिक. नक्कल म्हणजे हे: न समजताही जी बिनचूक होऊ शकते ती. या कसोटीवर घरी घडवलेला यंत्रमानव नक्कल ठरत नाही. कोणत्या सांध्यावर किती भार येतो हे समजल्याशिवाय त्याचा एक पायही उभा राहत नाही.

याचे एक ठळक उदाहरण देतो. मूळ चित्रपटात आर-टू कधी दोन पायांवर उभा दिसतो, कधी तिसरा पाय पुढे टाकून चाकांवर धावतो. प्रत्यक्षात ही निरनिराळी यंत्रे होती. दोन पायांच्या सांगाड्यात केनी बेकर हा अवघ्या ३ फूट ८ इंच उंचीचा नट बसत असे. तीन पायांचे यंत्र रेडिओवर चाले. दोहोंमधील अंतर बहुतेक ठिकाणी संकलकाच्या कात्रीने झाकले. घरी प्रतिकृती करणाऱ्याजवळ ही कात्री नसते. त्याचा यंत्रमानव लोकांच्या डोळ्यांदेखत दोनाचे तीन पाय करणार असेल, तर तिसरा पाय बाहेर येताना धडाचा तोल मागे कसा जाईल आणि तो कोलमडू नये म्हणून काय करावे, हे त्यालाच सोडवावे लागते. मूळ कर्त्यांनी जो प्रश्न टाळला तो या ‘नक्कल करणाऱ्या’ने अंगावर घेतलेला असतो.

शिवाय ज्या ‘मूळ’ वस्तूचा आपण एवढा मान राखतो, ती तरी कशाची होती? नायकाच्या प्रकाशखड्गाची मूठ ही ग्राफ्लेक्स नावाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. आर-टूच्या डोक्यावरच्या भिंगांसाठी जुन्या प्रवासी विमानातले, प्रवाशाच्या डोक्यावरचे वाचनाचे दिवे वापरले होते. मूळ यंत्रही भंगाराच्या दुकानातूनच जन्मले, हे प्रतिकृती करणाऱ्यांनी एकेक तुकडा ओळखून काढला तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. अंतराळातल्या दृश्यांत आर-टूचे निळे भाग काळे का दिसतात, हाही असाच प्रश्न. ती दृश्ये निळ्या पडद्यासमोर चित्रित होत. अंगावरचा निळा तसाच ठेवला असता तर पडद्याबरोबर तोही पुसला गेला असता. साध्या प्रेक्षकाला हा फरक जाणवतही नाही. ज्याला रंगाचा डबा विकत आणायचा आहे, त्यालाच तो जाणवतो.

साहित्याच्या क्षेत्रात आपण यालाच पाठचिकित्सा म्हणतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याला आपण नक्कल म्हणत नाही. पाठांतर्गत भेद तपासणे, कोणता मुळातला आणि कोणता मागाहून शिरलेला हे ठरवणे, आणि अखेरीस विश्वासार्ह प्रत सिद्ध करणे हे विद्वत्तेचे काम आहे, असे आपण मानतो. मग निळ्या रंगाची नेमकी छटा कोणती यावर वर्षानुवर्षे वाद घालणाऱ्या माणसाची टर आपण कोणत्या न्यायाने उडवतो?

या अभ्यासाची किंमत खुद्द चित्रपटवाल्यांना कळली. २०१३ साली जर्मनीत एसेन येथे भरलेल्या चाहत्यांच्या मेळाव्यात निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी हौशी लोकांनी घडवलेले आर-टू पाहिले. त्यानंतर ब्रिटनमधील संघाचे ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोघांना नव्या चित्रपटासाठी नेमण्यात आले, आणि २०१५ साली पडद्यावर आलेला आर-टू त्यांच्या हातून घडला. घरातल्या छंदाने मुळाची जागा घेतली.

दुसरा आक्षेप असा की हे सारे परकीय आहे. आहेच, मी ते नाकारत नाही. यंत्रमानवाची ही परंपराच मुळी अनेक देशांची आहे. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटातली यंत्रस्त्री वॉल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने नटीच्या अंगाच्या साच्यावरून घडवली. प्रश्न परकीय वस्तू घरी आणण्याचा नाही. ती विकत आणून कपाटात ठेवायची की उघडून समजून घ्यायची, हा आहे. या बाबतीत आपले पूर्वज आपल्यापेक्षा धीट होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास परदेशी कॅमेऱ्याच्या धर्तीवर स्वतःचा चलच्चित्र कॅमेरा तयार केला. त्या खटाटोपात दामले त्यांच्याबरोबर होते. त्याच तालमीतल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी पुढे १९२९ साली ‘प्रभात’ची स्थापना केली, आणि ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ची वाखाणणी १९३७ साली व्हेनिसपर्यंत झाली. तुकोबांचे वैकुंठगमन पडद्यावर दाखवणाऱ्या हातांची सुरुवात एका विलायती यंत्राच्या प्रतिकृतीपासून झाली होती. त्या वेळी कोणा कार्यकारिणीने ‘परक्यांची नक्कल’ म्हणून खोली नाकारली असती, तर?

खोलीचा विषय निघालाच आहे, तर बडोद्याचे उदाहरण सांगणे भाग आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले. त्या काळी बडोद्यात शिकणारे धुंडिराज गोविंद फाळके तिथे गेले, आणि प्राध्यापक गज्जर यांनी या तरुणाची धडपड पाहून छायाचित्रणाचे दालन आणि प्रयोगशाळा त्याच्यासाठी खुली केली. पुढे १९१२ साली फाळक्यांनी विलायतेहून कॅमेरा आणला. दादरच्या घरी कच्च्या फिल्मला रात्रीच्या अंधारात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचा वेल उगवताना दाखवणारी एक छोटी फिल्म त्यांनी आधी घरीच केली. हे सगळे घरात चालले होते, आणि शेजाऱ्यांना तेही वेडच वाटले असणार. आपण दरवर्षी व्याख्यानांतून दादासाहेबांना वंदन करतो, परंतु दालन उघडून देणाऱ्या गज्जरांची आठवण आपल्याला क्वचितच होते. वंदनाला खर्च नाही; दालनाची किल्ली मात्र द्यावी लागते.

तिसरा आक्षेप म्हणजे साहित्याशी संबंध काय. ‘रोबो’ हा शब्दच मुळी नाटकातून आलेला आहे. १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने लिहिलेल्या नाटकात तो प्रथम आला; सुचवला त्याचा भाऊ जोसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. वेठीला धरलेल्या यंत्राची कल्पना एका नाटककाराने मांडली, आणि आज कोणी सांगितले नसता, कोणी पगार दिला नसता, माणसे तेच यंत्र निव्वळ आनंदासाठी घडवतात. याहून अधिक वाङ्मयीन विषय कोणता हवा?

परंतु भाषेचा खरा संबंध याहून खोल आहे. मराठीत इंग्रजी शब्द घुसल्याची खंत आपण प्रत्येक अंकात करतो. आपल्या घरातल्या मुलांना गुण्या, ओळंबा, पाणसळ, पटाशी, रंधा, कानस, पक्कड हे शब्द माहीत आहेत का? नाहीत, कारण त्या वस्तूच आपल्या घरात नाहीत. कोशात छापून शब्द टिकत नाही. त्याची वस्तू हातात घ्यावी लागते, ‘गुण्या लावून बघ’ असे कोणीतरी कोणाला तरी सांगावे लागते. चार मुले एका खोलीत मराठीतून भांडत यंत्रमानवाचा पाय सरळ करू लागली, तर परिभाषेच्या दहा परिसंवादांपेक्षा मराठीचे अधिक भले होईल.

इथे एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्याबरोबर महाराष्ट्राबाहेर आलेल्या मंडळींत केवळ कारभारी आणि फडणीस नव्हते. सुतार, लोहार, तांबट, शिंपी, सोनारही होते. आपल्या संस्थांच्या स्मरणिका काढून पाहा. त्यांत दिवाण सापडतील, कवी सापडतील, कीर्तनकार सापडतील. ज्याने संस्थेच्या सभागृहाची लाकडी कमान घडवली त्याचे नाव बहुधा सापडणार नाही. लेखणी श्रेष्ठ आणि हत्यार कनिष्ठ ही उतरंड आपण बरोबर घेऊन आलो आणि परक्या मुलखातही जपली. यंत्रमानवाला मिळालेला नकार म्हणजे याच उतरंडीचा ताजा निकाल होय. आपली मुले संस्थेत फिरकत नाहीत, अशी तक्रार आपण करतो. ज्या मुलाला जे येते त्याला जागा नाही, आणि ज्याला जागा आहे ते त्याला येत नाही, तर त्याने यावे तरी कशासाठी?

या छंदाचे सारेच समर्थनीय आहे असे मी म्हणत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा आर-टू करणे खिशाला परवडणारे नाही. तयार भाग मागवून केवळ जोडण्याची सोय आता आहे, आणि त्रिमितीय छपाईच्या यंत्रातून अवघा यंत्रमानव काढता येतो. छापलेल्या भागालाही घासावे, जुळवावे, चालते करावे लागते, हे खरे. परंतु ज्याने फक्त पैसे मोजून सुटे भाग एकत्र केले, त्याची बाजू मी घेणार नाही. क्रमांक टाकलेले तुकडे जोडायला लावणारे ‘रोबोटिक्स’चे महागडे वर्ग आणि स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारे शाळेचे ‘प्रकल्प’ हे याच विकत घेण्याचे बालरूप आहे. शिवाय हे पात्र एका कंपनीच्या मालकीचे आहे, त्याचा व्यापार करता येणार नाही. न येवो. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला मूळ यंत्रमानव रॉबी २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५३ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. पैसा असलेल्याला तो विकत मिळाला. तो कसा उभा राहतो हे कळणे मात्र विकत मिळत नाही.

म्हणून माझी आपल्या सभासदांना विनंती आहे. आपल्याही इमारतीत जुन्या खुर्च्या आणि फाटके पडदे ठेवलेली एखादी खोली असेलच. येत्या सर्वसाधारण सभेत ती रिकामी करण्याचा ठराव मांडावा. त्यात एक भक्कम टेबल, विजेची नीट जोडणी, भिंतीवर हत्यारे टांगायला फळी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी येऊन बसणारा एखादा निवृत्त फिटर किंवा सुतार, एवढे पुरे. त्या सुताराला मानधन द्यावे, आणि त्याचे नाव वार्षिक अहवालात व्याख्यात्यांच्या यादीतच छापावे. मुलांनी काय घडवावे हे मात्र आपण ठरवू नये. ती यंत्रमानव घडवतील, तर यंत्रमानव घडवू द्यावा.