शनिवार, दुपारचे तीन

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा प्रीमियर लीगचा सामना मला कोल्हापुरात घरी बसून थेट पाहता येतो. मँचेस्टरच्या रहिवाशाला मात्र मैदानाचे तिकीट मिळाले नसेल तर तो पाहता येत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तिकडे फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणास मनाई आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६० च्या दशकात हा आग्रह धरला होता. मोठ्या संघाचा खेळ घरबसल्या दिसू लागला, तर आपल्या गावच्या लहान क्लबच्या मैदानाकडे लोक फिरकणार नाहीत, अशी त्यांची भीती होती. तो नियम आजही टिकून आहे. त्याच्या आजूबाजूची सारी वेळ मात्र विकली गेली आहे. या विक्रीत ज्याचे मत कोणी विचारले नाही, त्या मैदानावरील प्रेक्षकाविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

मुळात तीन ही वेळ आली कोठून? १८५० च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले. त्यांच्यावाचून गिरणी चालणे कठीण, त्यामुळे पुरुषांनाही हळूहळू ती अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळू लागली. दोनला भोंगा वाजावा, घरी जाऊन चार घास खावेत आणि तीनला मैदान गाठावे, असा तो क्रम. म्हणजे सामन्याची वेळ श्रमिकाच्या दिनक्रमातून निघाली होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० साली ती पदरात पडली. हा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला सुट्टीच्या एका दुपारचे मोल निराळे सांगावे लागू नये. मोकळा वेळ हा मागून, भांडून मिळवलेला असतो.

दूरचित्रवाणीने या वेळेत शिरकाव केला तो बिचकतच. १० सप्टेंबर १९६० रोजी ब्लॅकपूल विरुद्ध बोल्टन हा लीगचा सामना प्रथमच थेट दाखवला गेला, पण तो प्रयोग पुढे चालला नाही. लीगच्या सामन्यांचे नियमित थेट प्रक्षेपण सुरू होण्यास १९८३ उजाडले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली, तेव्हा पाच वर्षांच्या हक्कांसाठी सुमारे ३० कोटी पौंडांचा आकडा जाहीर झाला होता. २०१६ पासूनच्या तीन हंगामांसाठी केवळ ब्रिटनमधील थेट प्रक्षेपणाचे ५१३ कोटी पौंड आले. २०२५ पासूनच्या चार हंगामांचा देशांतर्गत करार ६७० कोटी पौंडांचा आहे. एवढी रक्कम मोजणारा केवळ चित्र विकत घेत नाही. सामना केव्हा व्हावा हे ठरवण्याची सत्ताही तो विकत घेतो. शुक्रवार रात्र, शनिवारी साडेबारा व साडेपाच, रविवारी दोन व साडेचार, सोमवार रात्र, असे आठवड्याचे तुकडे करून ते विकले जातात.

यांतला शनिवारचा साडेबाराचा तुकडा आपल्या परिचयाचा आहे. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेनुसार संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात सहा वाजलेले असतात. चहाचा कप हाती घेऊन बसावे, अशी ही वेळ. आता न्यूकॅसलच्या संघाचा सामना त्या वेळी बोर्नमथला आहे असे समजा. साडेपाचशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या पाठीराख्याला पहाटेच्या कितीतरी आधी घर सोडावे लागेल. वेळापत्रक जूनमध्ये प्रसिद्ध होते, पण प्रक्षेपणासाठी निवडलेल्या सामन्यांचे वार आणि वेळा पुढे बदलतात. तोवर काढलेले रेल्वेचे तिकीट आणि घेतलेली रजा यांचा हिशेब कोणत्याही करारात नसतो. २०२३ मध्ये वुल्व्हज विरुद्ध चेल्सी हा सामना २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी ठेवण्यात आला. त्या दिवशी प्रीमियर लीगचा सामना होण्याची १९९५ नंतरची ही पहिलीच वेळ. पाठीराख्यांच्या संघटनांनी विरोध नोंदवला, तरीही सामना त्याच दिवशी झाला.

पैसे देणाऱ्याने वेळ ठरवली तर बिघडले कोठे, असे यावर विचारता येईल. आक्षेप पोकळ नाही. या पैशातून मैदाने सुधारली, उत्तम खेळाडू आले, आणि ज्याला तिकीट कधीच परवडले नसते त्याला खेळ दिसू लागला. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील मोठा हिस्सा इंग्लंडमध्ये सर्व क्लबांत समान वाटला जातो, हेही नाकारता येत नाही. परंतु या युक्तिवादात मैदानावरील प्रेक्षकाला केवळ ग्राहक मानले आहे, आणि येथेच त्याची गफलत होते.

२०२० च्या जूनमध्ये महासाथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या मैदानांवर लीग पुन्हा सुरू झाली. तेव्हा प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित जल्लोष मिसळण्याची सोय वाहिन्यांना करावी लागली. खेळाडू तेच, चेंडू तोच, कॅमेरे तेच, तरी चित्र निर्जीव वाटत होते. जे विकले जात होते त्यात गर्दीचा आवाज, तिची गाणी, तिचा क्षणभर रोखलेला श्वास हे सारे आधीपासून सामील होते, याची ती जाहीर कबुलीच होती. संस्कृत काव्यशास्त्रात प्रेक्षकाला 'सामाजिक' अशी संज्ञा आहे. त्याच्यावाचून रसनिष्पत्ती नाही. फुटबॉलचा मैदानावरील प्रेक्षक असाच त्या दृश्याचा सहनिर्माता आहे. असे असूनही तिकिटाचे पैसे तोच भरतो, आणि वेळ ठरवताना बैठकीत त्याला खुर्ची नसते.

खुर्ची असली तर काय होते, हे जर्मनीत दिसले. बुंडेसलीगाने २०१७-१८ च्या हंगामापासून सोमवार रात्रीचे पाच सामने सुरू केले. गुरुवारी युरोपीय स्पर्धा खेळणाऱ्या संघांना विश्रांती मिळावी, हे लीगचे कारण होते. पाठीराख्यांना ते पटले नाही. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्रँकफर्टला लाइपझिगविरुद्धच्या सामन्यात मैदानावर टेनिसच्या चेंडूंचा वर्षाव झाला. पुढच्या सोमवारी डॉर्टमुंडच्या ८० हजारांहून अधिक क्षमतेच्या मैदानावर हजारो जागा रिकाम्या राहिल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लीगने जाहीर केले की २०२१-२२ पासून हे सामने बंद होतील. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रक्षेपणाच्या उत्पन्नात बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देण्याची योजनाही अशाच विरोधापुढे मागे घ्यावी लागली.

जर्मन पाठीराखे अधिक शूर आहेत, असा याचा अर्थ नाही. तेथील बहुतेक क्लबांत मताधिक्य सभासदांच्या हाती राहावे असा दंडक आहे. वर्गणी भरणारा माणूस सर्वसाधारण सभेत उभा राहून पदाधिकाऱ्यांना जाब विचारू शकतो. इंग्रज पाठीराख्याचा क्लब कोणा दूरच्या धनिकाच्या मालकीचा असू शकतो. त्याच्याजवळ निष्ठा आहे, मत नाही.

म्हणून वेळापत्रकाचा प्रश्न हा सोयी-गैरसोयीचा नसून प्रतिनिधित्वाचा आहे, असे मला वाटते. प्रक्षेपण बंद करा, असे कोणी म्हणत नाही. पाहुण्या पाठीराख्याला परतीची शेवटची गाडी मिळाली पाहिजे. बदललेली वेळ ठरावीक मुदतीआधी कळली पाहिजे. न कळल्यास त्याच्या प्रवासखर्चाची भरपाई झाली पाहिजे. आणि या अटी हक्कांच्या करारात लिहिताना पाठीराख्यांचे प्रतिनिधी मतासह हजर असले पाहिजेत. शेकडो कोटींच्या व्यवहारात या मागण्या फार नाहीत.

आपला वाटाही मान्य केला पाहिजे. तालमींच्या संघांचे सामने शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटून पाहणाऱ्या आमच्या गावाला गर्दी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही शनिवारी संध्याकाळी मी दूरचित्रवाणीपुढे बसतो, आणि माझ्यासारख्या कोट्यवधींची ती संध्याकाळ परदेशी हक्कांच्या किमतीत धरलेली असते. माझ्या चहाच्या वेळेसाठी कोणीतरी पहाटे अंधारात घराबाहेर पडलेला असतो. पडद्यावर तो गात असतो. त्याचे गाणे मला हवे असेल, तर त्याच्या झोपेचा विचार मलाही करावा लागेल.