हरिणदर्शनाचा दर

शिंदेशाहीत शिवपुरीच्या रानातली शिकार हा दरबारी शौक होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक गेली, बरेच झाले. तेच रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, २०२५ पासून व्याघ्र प्रकल्पही. आता रान सर्वांचे, असे मी शिष्यांना सांगत असे.

गेल्या थंडीत मात्र एका राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी थबकलो. प्रवेश निराळा, जीप निराळी, वाटाड्या निराळा. चौघांची बेरीज माझ्या महिन्याच्या शिकवण्यांच्या निम्म्याला भिडली. मुलगी म्हणाली, "बाबा, चितळ आपण फूलबागेतच पाहू." पिंजऱ्यातले! तिचा तो समजूतदारपणा मला फार लागला. पूर्वीच्या हाकाऱ्याला निदान मोकळे जनावर तरी दिसे.

वाटाड्याला पोट आहे, रान राखायलाही पैसा लागतो. दर नसावाच असे कोण म्हणेल? पण सगळ्यांना जीपच कशाला? आठवड्यातून एक सकाळ शाळकरी मुलांसाठी साधी बस सोडावी, तिकीट शहरातल्या बसइतके ठेवावे. दुर्बीण आम्ही मागून आणू. गवयाच्या घराला उसनवारी नवी नाही. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात उद्याने उघडतात. तेव्हाच सुरुवात करता येईल.