पाहण्याचे साधन आणि पाहण्याचा अधिकार

एखादे साधन चांगले की वाईट, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु तो पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. संगणकांच्या जाळ्यावरून जाणारा मजकूर टिपून दाखविणाऱ्या साधनांविषयी असेच घडते. त्यांचे नाव काढताच कित्येकांच्या मनात चोरीची शंका येते आणि शाळेच्या संगणक-कक्षात त्यांना मज्जाव केला की कर्तव्य संपले, असे मानले जाते. माझे मत याच्या उलट आहे. ही साधने विद्यार्थ्यांपासून लपवू नयेत. ती त्यांना रीतसर शिकवावीत आणि त्यांच्या वापराची मर्यादाही त्याच तासाला शिकवावी.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. जाळ्यावरून जाणारा मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात व प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. या तुकड्यास पॅकेट म्हणतात. नित्याच्या ईथरनेट जाळ्यात एका पॅकेटात 1500 बाइटांहून अधिक मजकूर मावत नाही. म्हणजे एक साधे छायाचित्र धाडावयाचे तरी शेकडो पॅकेटे निघतात. हे सारे इतक्या मूकपणे चालते की डोळ्यांस काहीच दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते बिघडले तर दुरुस्त कसे करावयाचे?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. 1986 च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि जवळचेच कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील वाहतूक एकाएकी मंदावली. अंतर अवघे 400 यार्ड. परंतु सेकंदाला 32 हजार बिट वाहून नेणारा मार्ग 40 बिटांवर आला. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी या गोष्टीचा छडा लावला. वाटेत गर्दी झाली असता पॅकेटे हरवत आणि यंत्रे ती उतावीळपणे पुनःपुन्हा पाठवून गर्दीत भरच घालीत. यावर जेकबसन यांनी 1988 साली जो उपाय प्रसिद्ध केला, त्याच विचाराच्या पायावर इंटरनेटची वाहतूक पुढे सावरली. वाहतुकीच्या याच अभ्यासातून बर्कले येथे ‘टीसीपीडम्प’ हा पॅकेटे दाखविणारा प्रोग्रॅम जन्मास आला. जेकबसन, क्रेग लेरेस व स्टीव्हन मॅककॅन हे त्याचे कर्ते. त्यातील पॅकेट टिपण्याचा भाग पुढे निराळा काढून 1994 साली सर्वांस खुला करण्यात आला. त्याचेच नाव ‘लिबपीकॅप’.

लिबपीकॅप हा स्वतंत्र प्रोग्रॅम नव्हे. इतर प्रोग्रॅमांनी उपयोगात आणावयाचा तो तयार आज्ञांचा संच आहे. संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी. तिचे मोठेपण तिच्या सर्वसंचारी स्वभावात आहे. पॅकेट टिपण्याची रीत लिनक्समध्ये एक, बीएसडीत दुसरी, सोलारिसमध्ये तिसरी. प्रत्येकासाठी निराळा प्रोग्रॅम लिहावयाचा म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. ही लायब्ररी ते सारे भेद आपल्या पोटात घालते आणि लिहिणाऱ्यास एकच दार दाखविते. टिपलेला मजकूर साठविण्याची तिची रीतही अशीच. फायलीच्या आरंभी एक ठराविक संख्या लिहिलेली असते. ती उलट्या क्रमाने वाचली गेली, तर फाईल निराळ्या जातीच्या यंत्रावर तयार झाली आहे हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळते व तो पुढचे आकडे फिरवून घेतो. म्हणूनच एका यंत्रावर टिपलेले दुसऱ्यावर विनासायास वाचता येते.

दुसरा गुण विवेकाचा. दिसेल ते सर्व गोळा करणे ही पाहण्याची पद्धत नव्हे. आपल्याला काय हवे ते या लायब्ररीस आधी सांगता येते. मग जेथे शक्य असेल तेथे नको असलेली पॅकेटे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच वगळली जातात, आणि हवी तेवढीच वर येतात. वायरशार्क, एनमॅप, स्नॉर्ट अशी नावाजलेली साधने या पायावर उभी राहिली. आणि 1999 पासून स्वयंसेवकांचा एक गट तिची निगा राखीत आला आहे.

आता आक्षेपाकडे वळू. या साधनाने परक्याचा मजकूर वाचता येईल, हे भय निराधार नाही. 2010 साली एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या खात्यात त्याच्या साहाय्याने कोणालाही सहज शिरता येत असे. परंतु पुढे काय झाले तेही पाहावे. मोठमोठ्या संकेतस्थळांची कुलुपेच कच्ची होती, हे जगाला कळले. फेसबुकने 2011 साली सांकेतिक जोडणीचा पर्याय दिला आणि 2013 पर्यंत ती सर्वांसाठी नित्याची केली. दोष दाखविणाऱ्यावर बंदी घातली असती, तर दोष तसाच राहिला असता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलाच तो प्रकार झाला असता. जर्मनीने 2007 साली अशा साधनांविरुद्ध कायदा केला, तेव्हा प्रामाणिक संशोधकच धास्तावले. अखेर 2009 साली तेथील घटना न्यायालयास स्पष्ट करावे लागले की, चांगल्या व वाईट अशा दोन्ही कामी येणारी साधने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

तथापि कुलूप लागले म्हणून सारे झाकले गेले, असेही नव्हे. मजकूर सांकेतिक झाला तरी कोणते यंत्र कोणाशी, केव्हा व किती बोलले, हे पॅकेटांवरून पुष्कळ अंशी कळते. म्हणून शक्ती आणि अधिकार यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविला पाहिजे. टपाल वाटणाऱ्यास पत्ता वाचता येतो, म्हणून पाकीट फोडण्याचा हक्क त्याला मिळत नाही. आपल्या देशाच्या 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील वा जाळ्यातील माहिती घेण्यास मनाई केली आहे.

माझी सूचना साधी आहे. शाळेच्या संगणक-कक्षात दोन यंत्रांचे एक स्वतंत्र जाळे मांडावे. विद्यार्थ्याने स्वतःच धाडलेला संदेश शिक्षकांसमक्ष टिपावा. एकदा उघडा व एकदा सांकेतिक. पहिल्या खेपेस आपलीच अक्षरे त्याला स्पष्ट वाचता येतील, दुसऱ्या खेपेस येणार नाहीत. एवढ्याने, पासवर्ड कोठे लिहावा व कोठे लिहू नये, हे शंभर सूचनाफलकांपेक्षा अधिक चांगले समजेल. टिपलेली फाईल तास संपताच पुसून टाकावी, हाही पाठाचाच भाग असावा.

ज्याला आपण रोज वापरतो ते जाळे आतून कसे चालते, हे पाहण्याची संधी आपल्या मुलांना न देणे म्हणजे त्यांना कायमचे गिऱ्हाईक करून ठेवणे होय. सूक्ष्मदर्शकाला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जी जागा आपण विश्वासाने देतो, तीच या साधनाला संगणक-कक्षात द्यावी, असे मला मनापासून वाटते.