फी माफ झाली, खर्च कोण भरणार?

कपाशीची पहिली वेचणी चालू असताना शिरूर तालुक्यातला आमचा एक जुना कार्यकर्ता मुलीला घेऊन आला. आठ एकर जमीन, सगळी कोरडवाहू. ज्वारी आणि थोडी कपाशी. मुलीला सीईटीत गुण चांगले. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात तिने अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेला. 'पन्नास टक्के शिष्यवृत्ती' असे पत्र हाती आले तेव्हा घरात पेढे वाटले होते. पुढे सरकारने मुलींची फी माफ केल्याचे कानावर आले आणि बाप विचारायला आला, "भाऊ, उरलेली निम्मी कधी परत मिळंल?"

मिळणार नव्हती. आणि कबूल केले पाहिजे, प्रवेशाच्या वेळी त्याने आम्हाला विचारले होते. 'घराजवळ आहे, सूट आहे, घेऊन टाका' असे सांगणारे आम्हीच होतो.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून पेरू नका, लेबल वाचा, असे गावोगाव सांगत फिरलो. पोरीच्या कॉलेजचे लेबल मात्र वाचले नाही. म्हणून हा अंक बैठकीत वाटण्याआधी त्या लेबलाबद्दल लिहितो आहोत.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय असा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास वर्गातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ही माफी निम्मी होती. पण अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, ज्याला मुले 'कॅप' म्हणतात, त्यातून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातली जागा चालत नाही. खाजगी विद्यापीठे आणि खाजगी अभिमत विद्यापीठे यातून वगळलेली आहेत.

आता नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने पुण्याकडे जाताना लागणाऱ्या पाट्या आठवा. कुठे 'कॉलेज' लिहिलेले असते, कुठे 'विद्यापीठ'. आपल्याला वाटते विद्यापीठ म्हणजे मोठे. फीमाफीच्या हिशेबात त्या एका शब्दाने सगळे उलटते. आणि तिथली शिष्यवृत्ती म्हणजे बहुतेक वेळा दुकानदाराची सूट असते: दर त्यांचा, सूटही त्यांचीच. आमच्या कार्यकर्त्याच्या पत्रात खाली बारीक अक्षरात होते की दुसऱ्या वर्षी सूट चालू राहील ती ठरावीक गुण मिळाले तरच. पहिल्या वर्षाला गावच्या मराठी शाळेतली पोर इंग्रजीशी झटत असते, नेमके तेव्हाच ते गुण मागतात.

मुलांचे काय? राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत खुल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलाला निम्मेच शिक्षण शुल्क मिळते. पूर्ण माफीची एक वाट आहे, आणि ती आपल्या घरांना फारशी ठाऊक नाही. तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या कॉलेजात शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा असतात. उत्पन्नाची अट तीच, ८ लाख. जात विचारत नाहीत, मुलगा-मुलगी पाहत नाहीत. पसंतीचा अर्ज भरताना त्याच कॉलेजच्या त्याच शाखेला आणखी एक कोड दिसतो, त्याच्या शेवटी टी हे इंग्रजी अक्षर असते. तो कोड वेगळा लिहावा लागतो. लिहिला नाही तर गुण असूनही ती जागा मिळत नाही. तिथे चुरस जास्त असते, म्हणून टीचा कोड वर आणि त्याच शाखेचा साधा कोड त्याखाली, अशी जोडी लावावी. सायबर कॅफेवाला पन्नास रुपयांत अर्ज भरून देतो, पण असा विचार तो करत नाही. आणि पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर पुढच्या फेरीत बदल करता येत नाही, म्हणून पहिली ओळ लिहिताना घाई नको.

एवढे जमले तरी माफ झाली ती फी. कापसाच्या भावाचा वाद घालताना आपण बियाण्याची पावती दाखवून थांबत नाही. खुरपणी, फवारणी, वेचणी, गाडीभाडे, घरच्यांची मजुरी, सगळे धरतो. पोरीच्या चार वर्षांचाही उत्पादनखर्च तसाच काढायला हवा. खोली, खानावळ, पुस्तके, संगणक, येणे-जाणे, हे कुठल्याच फीमाफीत बसत नाही. आमच्या माहितीत जी मुले अर्ध्यातून परत आली ती फीमुळे कमी आणि खानावळीच्या थकबाकीमुळे जास्त.

जुन्या लोकांना हे कळत होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह चालवले. त्यांचे साताऱ्याचे कॉलेज आले १९४७ साली. आधी पोराला पाठ टेकायला जागा आणि ताटात भाकरी, मग कॉलेज.

म्हणून एकच कॉलेज शिरूरला वेगळ्या भावात पडते आणि दौंडला वेगळ्या. दौंडला रेल्वे आहे. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलीला घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे फुकट देते. केडगाव, यवतच्या मुलीने पुण्यात स्टेशनपासून जवळचे कॉलेज वर लिहिले तर वसतिगृहाचा खर्च वाचतो. शिरूरला रेल्वे नाही. कान्हूर मेसाई किंवा केंदूरच्या मुलीने रोज एसटीने पुणे गाठायचे म्हटले तर पासात सवलत असली तरी दिवस रस्त्यातच जातो. तिच्यासाठी वसतिगृह असलेले सरकारी कॉलेज, मग ते लांबच्या जिल्ह्यात का असेना, जवळच्या कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकते. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहे १९५५ पासून खेड्यातल्या गरीब मुलांसाठीच चालली आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. पैसा उशिरा येतो, तेवढे महिने कसे काढायचे हे आधी ठरवून ठेवावे.

आठवीच्या पोराकडेही लक्ष ठेवा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेतून निवडला गेला तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, पण सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्याच मुलांना. आणि शिक्रापूरचे नवोदय विद्यालय आपल्याच तालुक्यात आहे, राहणे-जेवण मोफत. तिथे पाचवीत परीक्षा द्यावी लागते.

आता एक गोष्ट सरकारला. राज्याच्या प्रवेशासाठी दुर्बल घटकाचा दाखला उत्पन्नावर मिळतो. आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांसाठी जो दाखला लागतो त्यात जमीनही मोजतात: ५ एकर किंवा जास्त शेती असेल तर घर दुर्बल नाही. जमीन बागायत की कोरडवाहू, विचारत नाहीत. म्हणजे कॅनॉलखाली चार एकर ऊस असलेला दुर्बल ठरू शकतो आणि खोर-पडवीकडच्या माळावर आठ एकर ज्वारी पेरणारा सबळ! १९६१ च्या सीलिंग कायद्यात मात्र सरकारला हा फरक बरोबर कळला. बारमाही ओलिताला १८ एकरांची मर्यादा, जिरायतीला ५४. घेताना एक ओलिताचा एकर तीन कोरडवाहू एकरांबरोबर, आणि द्यायच्या वेळी सगळे एकर सारखे. तोच तिप्पट हिशेब या दाखल्यालाही लावा, ही मागणी दोन्ही तालुक्यांच्या बैठकांत ठरावाने मांडायची आहे.

तोवर एक लक्षात ठेवा. हा दाखला नाकारला म्हणून आयआयटीची फीसवलत जात नाही. ती वेगळी आहे आणि उत्पन्नावर आहे: १ लाखाच्या आत पूर्ण शिक्षण शुल्क माफ, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश. आठ एकरवाल्याने तिथला अर्ज सोडून देऊ नये.

बैठकीला येताना सातबारा आणि आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला असल्यास पडताळणीसह, आणि सीईटीचे गुणपत्रक आणावे. पोरीला घरी ठेवून बापाने एकट्याने येऊ नये. यादी तिने लिहायची आहे.

त्या कार्यकर्त्याची धाकटी मुलगी यंदा बारावीला आहे. शिरूरच्या बैठकीत पहिला अर्ज तिचा घेऊ.