गार्सिया: एका आडनावाचा भूगोल आणि आपले वाचन

मराठी समीक्षेत, नियतकालिकांत आणि वर्गातल्या टिपणांतही गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचा उल्लेख बहुधा नुसता 'मार्केझ' असा होतो. स्पॅनिश वाचकाला हे खटकते. त्या भाषेच्या रिवाजानुसार माणसाला दोन आडनावे असतात: पहिले सामान्यतः वडिलांकडून आलेले, दुसरे आईकडून. त्यामुळे या कादंबरीकाराचे आडनाव 'गार्सिया मार्केस' असे जोडीने घ्यावे लागते आणि ग्रंथालयाच्या सूचीत तो 'ग'खाली सापडतो. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, हा आपला आणि इंग्रजीचा नियम आपण एका तिसऱ्याच भाषेला लावला आणि एका लेखकाच्या वडिलांकडचे नाव गाळून टाकले.

ही बाब किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांला ती तशी वाटत नाही. आडनाव दिसले की त्यावरून कूळ, रक्त आणि मूळ देश ठरवून मोकळे होण्याची जी घाई आपल्या वाचनात असते, तिचेच हे सौम्य रूप आहे. ज्या 'गार्सिया'ला आपण वगळतो, त्याच आडनावाचा उगम आणि प्रसार तपासला तर ही घाई किती फसवी आहे ते कळते.

'गार्सिया' हे आरंभी आडनाव नव्हतेच, ते व्यक्तिनाम होते. नवव्या-दहाव्या शतकांत पाम्प्लोनाच्या, म्हणजे पुढच्या नवार्राच्या, राजघराण्यात गार्सिया नावाचे राजे होऊन गेले. शब्दाचे मूळ बहुतेक अभ्यासक बास्क भाषेत शोधतात. 'तरुण' या अर्थाच्या शब्दाशी त्याचा संबंध आहे असे काहींचे मत, तर 'अस्वल' या अर्थाच्या शब्दाशी आहे असे इतरांचे. वाद मिटलेला नाही. मध्ययुगीन स्पेनमध्ये बापाच्या नावावरून मुलाची ओळख सांगण्याची पद्धत होती. फेर्नान्दोचा मुलगा फेर्नांदेस, रोद्रिगोचा रोद्रिगेस, सांचोचा सांचेस. या पद्धतीने गार्सियाचा मुलगा 'गार्सेस' व्हायचा आणि ते आडनावही आज आहेच. परंतु पुष्कळदा कोणताही प्रत्यय न लागता 'गार्सिया' हेच नाव पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून चिकटले.

याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. गार्सिया हे लोकप्रिय व्यक्तिनाम असल्यामुळे गावोगावच्या, एकमेकांशी कसलेही नाते नसलेल्या माणसांपासून स्वतंत्रपणे 'गार्सिया' घराणी सुरू झाली. आज स्पेनमध्ये १४ लाखांहून अधिक लोकांचे पहिले आडनाव गार्सिया आहे आणि ते त्या देशातले सर्वांत प्रचलित आडनाव आहे. या सर्वांचा एकच मूळपुरुष असण्याचे कारण नाही. 'गार्सिया घराण्याचे कुलचिन्ह' म्हणून जे काही विकले जाते, त्यावर किती विश्वास ठेवावा हे यावरून ठरवता येईल.

आडनाव इतके सर्वसाधारण झाले की ते ओळख पटवण्याचे काम करेनासे होते. मग दुसरे, तुलनेने दुर्मीळ आडनाव पुढे येते. फेदेरिको गार्सिया लोर्का हा कवी-नाटककार जगाला 'लोर्का' म्हणून ठाऊक आहे. लोर्का हे त्याच्या आईचे आडनाव. पाब्लो रुईस पिकासो याचे 'रुईस' मागे पडले, तेही याच न्यायाने. २००४ ते २०११ या काळात स्पेनचे पंतप्रधान असलेले होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो हेही 'सापातेरो' म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे 'लोर्का' म्हणणे चूक नव्हे, कारण ते संक्षेपीकरण स्पॅनिश समाजाने स्वतः केले आहे. 'मार्केझ' हे मात्र बाहेरच्यांनी केलेले आहे. दोन्ही नावे वरवर सारखीच तुटलेली दिसतात, पण ती कोणी तोडली हा प्रश्न विचारला की फरक उघड होतो. आमच्या मते नावांच्या वाचनात हाच प्रश्न महत्त्वाचा आहे: हे नाव कोणी दिले, कोणत्या नोंदीत, आणि कोणत्या अधिकाराने?

अटलांटिक ओलांडल्यावर या प्रश्नाला धार येते. पेरूमधल्या कुस्को येथे १५३९ साली एक मुलगा जन्मला. बाप स्पॅनिश विजेत्यांपैकी एक सरदार, आई इंका राजकुळातली. मुलाचे नाव ठेवले गोमेस सुआरेस दे फिगेरोआ. तरुणपणी तो स्पेनला गेला. बापाच्या सेवेबद्दल राजदरबाराकडे त्याने केलेली मागणी फेटाळली गेली. त्यानंतर, १५६३च्या सुमारास, त्याने बापाचे नाव धारण केले: गार्सिलासो दे ला वेगा. या 'गार्सिलासो'तला 'गार्सि' म्हणजे 'गार्सिया'चेच संक्षिप्त रूप. पुढे त्याने त्यामागे 'इंका' ही उपाधी जोडली आणि १६०९ साली लिस्बनमध्ये छापलेल्या 'कोमेंतारिओस रेआलेस' या ग्रंथात आईकडच्या लोकांचा इतिहास लिहिला. दरबाराने ज्या बापाची सेवा मान्य केली नाही त्याचे नाव, आणि त्याच्या पुढ्यात आईच्या कुळाची उपाधी! मुखपृष्ठावरचे हे नाव म्हणजेच त्या ग्रंथाचा पहिला युक्तिवाद आहे. नुसते आडनाव पाहून 'हा स्पॅनिश' असे म्हणणारा वाचक ग्रंथ उघडण्याआधीच चुकलेला असतो.

गार्सिलासोला निवड करता आली. असंख्य लोकांना ती नव्हती. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांना बाप्तिस्म्याबरोबर स्पॅनिश नावे मिळाली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांना पुष्कळदा मालकाचे आडनाव लागले. क्यूबाचे कवी निकोलास ग्येन (१९०२–१९८९) यांनी 'एल आपेयिदो', म्हणजेच 'आडनाव', या शोककाव्यात हाच विषय घेतला आहे. आपल्या स्पॅनिश आडनावामागे जे आफ्रिकी नाव पुसले गेले ते कोणते, असा त्या कवितेचा शोध आहे. आडनावांच्या नकाशात क्यूबावर जो ठिपका पडतो, त्यात मालक आणि गुलाम या दोघांचेही वंशज एकत्र मोजले जातात. नकाशाला तो फरक दिसत नाही, कवितेला दिसतो.

आता पुन्हा गार्सिया मार्केसकडे येऊ. त्यांचे वडील गाब्रिएल एलिहिओ गार्सिया हे विवाहबाह्य संबंधातून जन्मले होते. त्यांच्या वडिलांचे आडनाव मार्तिनेस, आईचे गार्सिया. मुलाला आईचे आडनाव मिळाले आणि तेच पुढे नातवाकडे आले. म्हणजे जगप्रसिद्ध 'गार्सिया' हे बापाकडून बापाकडे आलेले नावच नव्हे. ते एका आजीचे नाव आहे. 'एकाकीपणाची शंभर वर्षे' (१९६७) या कादंबरीत कर्नल औरेलियानो बुएंदियाच्या सतरा मुलांना त्यांच्या आया बाप्तिस्म्यासाठी घेऊन येतात; सगळ्यांना 'औरेलियानो' हे नाव मिळते, आडनाव मात्र प्रत्येकाला आपापल्या आईचे. लेखकाच्या चरित्राची कुलुपे कादंबरीला घालावीत असे आम्ही म्हणत नाही. पण दोन आडनावांची पद्धत, औरस-अनौरस नोंदीतला फरक आणि बापाच्या मान्यतेचा प्रश्न ज्याला ठाऊक नाही, त्याला हा प्रसंग केवळ गमतीदार अतिशयोक्ती वाटतो. त्यातला सामाजिक दंश त्याच्या हाती लागत नाही.

गार्सियाच्या प्रवासातले सर्वांत बोलके ठिकाण मात्र फिलिपीन्स आहे. या द्वीपसमूहावर स्पेनची सत्ता तीन शतकांहून अधिक काळ होती, पण तिथे वस्ती करून राहिलेले स्पॅनिश लोक नेहमीच थोडे होते. तरीही तिथली आडनावे पाहिली तर एखाद्याला वाटेल की अर्धा स्पेन तिकडे जाऊन राहिला. याचे कारण २१ नोव्हेंबर १८४९चा एक हुकूम. गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांना असे आढळले की लोकांना वंशपरंपरागत आडनावेच नाहीत. पुष्कळांनी 'दे ला क्रूस', 'दे लोस सांतोस' अशी धार्मिक नावे घेतली आहेत, एकाच घरातल्या भावांची नावेही वेगळी आहेत, आणि त्यामुळे करवसुली, न्यायदान व विवाहाची नोंद यांत घोटाळे होतात. उपाय म्हणून सुमारे ६१ हजार आडनावांची वर्णानुक्रमी सूची तयार करण्यात आली. तीत स्पॅनिश आडनावे होती, तशीच स्थानिक भाषांतले शब्द, झाडे, गावे, वस्तू यांची नावेही होती. सूचीची पाने प्रांतोप्रांती, गावोगावी वाटली गेली आणि कुटुंबांनी त्यांतून नाव घ्यायचे ठरले. ज्यांचे आडनाव चार पिढ्या चालत आले होते त्यांना ते राखण्याची मुभा होती.

या वाटपाची खूण अजून शिल्लक आहे. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावी 'आर' या अक्षराने सुरू होणारी आडनावे विलक्षण संख्येने आढळतात, कारण त्या गावाच्या वाट्याला सूचीतला तो भाग आला. हुकुमात शिक्षकांसाठीही एक कलम होते: शाळेत मुलांची नोंद नव्या नाव-आडनावाने ठेवावी आणि मुलांनी एकमेकांना त्याच नावाने ओळखावे, याकडे लक्ष द्यावे. नाव रुजवण्याचे काम सत्तेने वर्गावर सोपवले, हे आम्हां शिक्षकवर्गाने विसरू नये. आज 'गार्सिया' हे फिलिपीन्समधल्या सर्वांत प्रचलित आडनावांपैकी एक आहे. १९५७ ते १९६१ या काळात कार्लोस गार्सिया हे त्या देशाचे अध्यक्ष होते. त्यामुळे फिलिपीनी गार्सियाचा पूर्वज नवार्रात शोधायला जाणे व्यर्थ आहे. पुष्कळदा तो एका छापील पानावर सापडेल.

मग ही नावे म्हणजे केवळ गुलामीची बेडी, असे समजावे काय? वसाहतोत्तर समीक्षेतला एक उतावीळ सूर तसे म्हणतो. आम्हांला तेही पटत नाही. होसे रिसाल यांच्या घराण्याचे जुने आडनाव 'मेर्कादो' होते. 'रिसाल' हे १८४९च्या हुकुमानंतर घराण्याने घेतलेले नाव. १८७२ साली तीन धर्मगुरूंना देहदंड झाला. त्यांतल्या फादर बुर्गोस यांच्याशी रिसाल यांच्या थोरल्या भावाचे निकटचे संबंध असल्याने 'मेर्कादो' या नावाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. म्हणून शाळेत धाकट्याचे नाव 'रिसाल' असे घातले गेले. याच नावाने त्यांनी १८८७ साली 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी लिहिली आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी ते स्पॅनिश गोळ्यांना सामोरे गेले. सत्तेच्या हुकुमातून निघालेले नाव सत्तेविरुद्धच्या लढ्याचे नाव झाले. नाव देणाऱ्याचा हेतू नावाला कायमचा बांधून ठेवत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००० सालच्या जनगणनेत गार्सिया हे आठव्या क्रमांकाचे आडनाव होते. साडेआठ लाखांहून अधिक लोकांचे. २०१० साली ते सहाव्या क्रमांकावर आले आणि संख्या साडेअकरा लाखांच्या पुढे गेली. या आकड्यांत मेक्सिकोतून गेल्या काही दशकांत आलेले लोक आहेत, फिलिपीनी कुटुंबे आहेत, आणि १८४८च्या तहाने ज्यांचा प्रदेशच मेक्सिकोतून उचलला जाऊन दुसऱ्या देशात गेला त्यांचे वंशजही आहेत. या शेवटच्या लोकांनी कोठेही स्थलांतर केलेले नाही. एकाच आडनावाखाली इतके भिन्न इतिहास बसतात.

आपल्या किनाऱ्यावरही हे नाव लवकर आले, आणि तेही आपल्या मूळ रूपात, म्हणजे व्यक्तिनाम म्हणून. वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यांचे आईवडील स्पेनमधून परागंदा होऊन पोर्तुगालात आलेले यहुदी. १५६८ साली ओर्ता वारले आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्यांची हाडे उकरून जाळली. ख्रिस्ती नाव धारण केल्याने वंशाचा संशय मिटला नाही. उलट, नावाआड दडलेले 'खरे' रक्त शोधणे हाच त्या न्यायसंस्थेचा उद्योग होता.

गोव्यात आणि १७३९पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसईत धर्मांतरितांना मिळालेली फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स ही आडनावे गार्सियाचीच भावंडे आहेत. ती बहुधा धर्मपित्याची किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याची. तरीही या आडनावाचा लेखक मराठीत लिहू लागला की त्याला परका मानणारे लोक आपल्यात आहेत. २०२०च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा धर्माच्या नावाने उठलेले आक्षेप आपण ऐकले आहेत. आडनाव ऐकताच जात, गाव आणि धर्म ताडण्याची सवय आपल्याला घरातच लागते, आणि तीच सवय आपण समीक्षेत घेऊन येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गार्सिया मार्केस यांना त्यांचे पूर्ण आडनाव परत द्यावे, सूचीत आणि वर्गातही. त्याबरोबरच विद्यार्थ्यांना सांगावे की आडनाव हे रक्ताचे प्रमाणपत्र नव्हे. ती एक नोंद असते. पाद्र्याच्या, मालकाच्या, कारकुनाच्या किंवा शाळामास्तरांच्या वहीतली. ती कोणी केली आणि ज्याच्या नावाने केली त्याने पुढे तिचे काय केले, एवढे पाहिल्यावरच लेखकाच्या आडनावाविषयी बोलावे.