घर फडावर, तज्ज्ञ शहरात

अबोल किंवा हिंसक झालेल्या मुलाला शहरातील तज्ज्ञाकडे न्यावे, हा सल्ला पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड कुटुंबाला देणे ही क्रूर थट्टा होय. हंगामात त्याचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने घरपोच पुनर्वसन आणि बालकांसाठी सेवा शासनावर बंधनकारक केल्या. कोपीला मात्र घर मानलेले दिसत नाही! २०२२ पासून १४४१६ वर दूरध्वनीने सल्ला मिळतो. पण जो बोलतच नाही, तो दूरध्वनी करणार कसा? आरोळे दांपत्याने १९७० पासून जामखेडातच निरक्षर, दलित स्त्रियांना शिकवून आरोग्यसेवा उंबरठ्यापर्यंत नेली. तशी कार्यकर्ती प्रत्येक तळावर, कारखान्याच्या खर्चाने नेमावी, हे कलम ऊसतोड संघटनांनी मजुरीच्या पुढील करारातच घालून घ्यावे.