कोणाच्या मापाने मन मोजता?

देवास संस्थानाच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. १९४८ मध्ये दोन्ही मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन महाराज आणि दोन कारभार नांदत होते. त्या व्यवस्थेला आज आपण हसतो. परंतु एका पातीचा हुकूम दुसरीत चालत नाही, हे तेथील शेंबड्या पोरासही ठाऊक होते. हल्ली माणसाचे मन मोजणाऱ्या ज्या प्रश्नावल्या दवाखान्यांत, शाळांत आणि न्यायालयांत सर्रास पुढे केल्या जातात, त्यांना मात्र हद्दच नाही, अशी त्या वापरणाऱ्यांची समजूत दिसते.

धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतील एका न्यायालयात काही वर्षांपूर्वी मी एका बाईचे वकीलपत्र घेतले होते. वाद मुलाच्या ताब्याचा होता. पतीच्या बाजूने एका तज्ज्ञाचा अहवाल दाखल झाला : बाईंच्या खिन्नतेचा अंक मर्यादेच्या वर, सबब मूल सांभाळण्यास त्या असमर्थ. बाई धारच्या मराठी कुटुंबातल्या, शाळा हिंदीतून झालेली, शेजारपाजारी बोलणे माळवीत. प्रश्नावली इंग्रजीवरून हिंदीत उतरवलेली. ‘मन नहीं लगता’ या विधानापुढे त्यांनी ‘नेहमी’ अशी खूण केली होती. माळव्यात सासरी आलेली कोणती मुलगी असे म्हणत नाही? माहेरच्या आठवणीचे ते बोलणे आहे. रात्री झोप मोडते काय, यालाही होकार होता. अंगावर पिणारे मूल ज्या घरात आहे त्या घरात झोप मोडायचीच. उलटतपासणीत मी एवढेच विचारले की, ही मर्यादा कोणत्या लोकांच्या उत्तरांवरून ठरवली? उत्तर आले, “पुस्तकात दिली आहे.”

पुस्तकात दिली आहे! एखादा दस्तऐवज कोणी, कोठे आणि कोणासमोर केला हे न विचारता तो वाचून घेणारा न्यायाधीश मी पाहिलेला नाही. या अंकाला मात्र अशी मोकळीक का?

केवळ भाषांतराने काम भागत नाही, हे या मासिकाच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘बेजार’ हा एकच शब्द घ्या. मराठीत बेजार झालेला माणूस त्रासलेला असतो. मंगळूरकडच्या कोकणीत बेजार म्हणजे दुःख. दोन्हीकडे शब्द तोच छापा आणि खुणांची बेरीज करा. त्रासलेला आणि दुःखी एकाच रकान्यात बसतील.

या गोंधळावर उपाय नाही असे नव्हे. चार्ल्स स्पिअरमन याने १९०४ मध्ये ज्या विचाराचा पाया घातला, त्याला आपण घटक-विश्लेषण म्हणू. त्याचे मर्म सोपे आहे. शेकडो लोकांची उत्तरे घेऊन कोणती उत्तरे एकमेकांसोबत चढतात आणि उतरतात ते पाहावयाचे. जी बरोबर हलतात त्यांच्यामागे काही एक समान कारण असावे असा तर्क करावयाचा. पुढे १९६९ मध्ये स्वीडनच्या कार्ल यरेस्कोग याने असा तर्क आधी मांडून मग आकड्यांसमोर त्याची परीक्षा घेण्याची रीत पक्की केली. दोन समाजांची तुलना करावयाची तर तीन गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात. दोन्हीकडे प्रश्नांचे गट तेच पडतात काय? प्रत्येक प्रश्नाचा मूळ घटकाशी संबंध सारख्याच बळाचा आहे काय? आणि घटक समान असताना उत्तराची सुरुवात एकाच पातळीवरून होते काय? तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि नेमकी तीच वगळली जाते. धार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. दिवसभर कापसाच्या शेतात राबलेल्या भिल्ल बाईस ‘तुम्ही लवकर थकता काय’ असे विचारले, तर तिचा होकार मनाचा नसून पाठीचा असतो. तागडी रिकामी असतानाच एक पारडे खाली असेल, तर वजनाचा आकडा कितीही काळजीपूर्वक वाचून काय उपयोग?

येथे काही विद्वान क्रोनबाखच्या अल्फा गुणांकाचा हवाला देतात. तो भरपूर आला म्हणजे प्रश्नावली शुद्ध झाली, असे त्यांचे म्हणणे. हा गुणांक १९५१ पासून प्रसिद्ध आहे आणि आपल्या जागी उपयोगीही आहे. परंतु उत्तरांचा आपसांत मेळ आहे, याहून अधिक तो फारसे सांगत नाही. एकाच माणसाने पढवलेल्या दहा साक्षीदारांच्या जबान्यांतही मेळ असतोच.

परदेशांतील मोठी नावेही या दोषातून सुटलेली नाहीत. १९४३ च्या प्रसिद्ध मिनेसोटा व्यक्तिमत्त्व-सूचीतील ‘सामान्य’ माणूस मुख्यतः तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात आप्तांना भेटावयास आलेल्या लोकांवरून ठरला. तिच्यात भूतबाधेविषयीही विधान आहे. ज्या गावात देवाचा संचार होणे ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे, तेथे अशा विधानाला मिळालेला होकार मिनेसोटाच्या तागडीत घालणारास काय म्हणावे? बोलिव्हियातील त्सिमाने लोकांत, व्यक्तिमत्त्वाचे जगभर गाजलेले पाच घटक त्या रूपात सापडलेच नाहीत, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

आपल्याकडे मात्र एक उत्तम उदाहरण घालून दिलेले होते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची बुद्धिमापन-श्रेणी नुसती भाषांतरित केली नाही. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर ती प्रत्यक्ष वापरून तिची नवी मांडणी केली आणि १९४० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. घटक-विश्लेषणाची आजची साधने त्यांच्या हाती नव्हती. तरी माप ज्याचे घ्यावयाचे त्याच्या अंगावर कपडा बेतावा, ही जाण होती. दुर्दैव असे की, धारवाडच्या बाजूस मराठी-कानडी मुलांवर बेतलेले ते माप पुढे इतर प्रांतांतील, इतर भाषांच्या मुलांवर दशकानुदशके चढवले गेले. यात कामतांचा दोष नाही. वारसा खाऊन बसलेल्यांचा आहे.

उलट, हे सर्व शास्त्र पाश्चात्य म्हणून टाकून द्या, भारतीय मन निराळेच आहे, असे म्हणणाऱ्यांचाही मी पक्ष घेणार नाही. निराळे आहे हेदेखील सिद्ध करावयाचे विधान आहे. तपासल्यावर कित्येक प्रश्नावल्यांचे गट येथेही तेच पडतील, आणि तसे पडले तर त्या निर्धास्त वापराव्यात. तपासण्याचा कंटाळा दोन्ही पक्षांस सारखाच. देवापुढे कौल लावतानासुद्धा पाकळी कोठे लावली हे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मग पाकळी डावीकडे पडली की उजवीकडे, हा पुढचा प्रश्न.

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ अन्वये तज्ज्ञाचे मत न्यायालयापुढे येऊ शकते. ते मानलेच पाहिजे असे मात्र नाही. माझी मागणी एवढीच आहे की, अशा प्रत्येक अहवालात ही प्रश्नावली कोणत्या भाषेत, कोणत्या लोकांवर, किती जणांवर तपासली गेली आणि वरील तीन परीक्षांपैकी किती उतरली, हे लिहिलेले असावे. लिहिलेले नसेल तर वकिलाने विचारावे. खर्चाची सबब मला पटत नाही. गणित करणारी साधने फुकट मिळतात, आणि प्रत्येक भाषागटातील काही शे माणसांची उत्तरे गोळा करणे महाविद्यालयाच्या एका वर्गास जमण्यासारखे आहे.

त्या बाईंच्या खटल्यात पुढे तडजोड झाली आणि मूल आईकडे राहिले. अहवालावर कोणताच निर्णय झाला नाही. कागदपत्रांत तो तसाच आहे.